तीन मिनिटांचा शोध

मराठीत ‘उडती तबकडी’ हे शब्द उच्चारले की परग्रहावरून आलेले एखादे गूढ विमान डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेत मात्र उडत्या तबकड्या रोज सायंकाळी दिसतात. कॉलेजचे तास सुटले की विद्यार्थी पाठीवर पिशवी टाकून विद्यापीठाच्या मागच्या जंगलात शिरतात आणि थोड्याच वेळात झाडांच्या दाटीतून लाल, पिवळ्या, निळ्या तबकड्या सळसळत जाऊ लागतात. या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. हा खेळ मी वयाच्या ६९ व्या वर्षी शिकलो. मला शिकवणारा गुरू पंधरा वर्षांचा होता आणि नात्याने माझा नातू होता.

गोल्फ म्हटले की आपल्याला साहेबी थाट आठवतो: राखलेली हिरवळ, महागड्या काठ्या, क्लबाचे सभासदत्व. डिस्क गोल्फमध्ये यातले काहीच नाही. खिशात एखादी तबकडी आणि पायात मजबूत बूट असले की भागते. बहुतेक ठिकाणी प्रवेशमूल्यही नसते. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथे चालत जायचे, तिथून पुन्हा फेकायची आणि असे करत करत दूर उभ्या केलेल्या लोखंडी टोपलीत ती पोहोचवायची. टोपली एका खांबावर बसवलेली असते आणि तिच्या वर साखळ्यांचा झुबका लोंबत असतो. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग संपतो आणि ती अलगद टोपलीत पडते. त्या वेळी साखळ्यांचा जो खळखळाट होतो, तो जंगलाच्या शांततेत फार गोड वाटतो. अशा अठरा टोपल्या पुऱ्या केल्या की डाव संपतो. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला.

या खेळाचा उगम बेकरीत आहे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या कुटुंबाची पाय बनवणारी बेकरी होती. तिच्या पायचे रिकामे पत्र्याचे थाळे एकमेकांकडे भिरकावण्याचा छंद जवळच्या येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना लागला होता. पुढे कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाच्या गृहस्थाने प्लास्टिकची तबकडी घडवली. १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने ती बाजारात आणली आणि त्याच वर्षी तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. त्याच कंपनीतील एड हेडरिक यांनी तिच्या पृष्ठावर बारीक वर्तुळाकार कडा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले. त्यांनीच १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांची टोपली ही देखील त्यांचीच कल्पना. आज जगात अशी दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत.

माझी या खेळाशी गाठ पडली ती मात्र दुःखाच्या वाटेने. २०१७ च्या मार्च महिन्यात माझी पत्नी देवाघरी गेली. त्रेचाळीस वर्षांचा संसार एका पहाटे थांबला. आमची मुलगी उत्तर कॅरोलायना राज्यातील चॅपल हिल येथे विद्यापीठात संशोधन करते. ती अंत्यविधीला आली आणि चाळीसाव्याची मिस्सा होईपर्यंत राहिली. जाताना म्हणाली, “पप्पा, वाडीत एकटे नका राहू. काही महिने आमच्याकडे या. मग पुढचे बघू.” त्या ‘मग’ या शब्दात तिच्या मनातील बेत दडलेला होता, हे मला तेव्हाच उमगले. तरीही ऑगस्टमध्ये मी वसई सोडली.

चॅपल हिल हे टुमदार गाव आहे. पूर्वी इथल्या टेकडीवर ‘न्यू होप’ नावाचे अँग्लिकन पंथीयांचे छोटे प्रार्थनामंदिर होते, त्यावरून गावाला हे नाव पडले. विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीची कोनशिला १७९३ साली बसली. गावातल्या बसगाड्यांना तिकीट नाही, त्यामुळे माझ्यासारख्या परक्या म्हाताऱ्यालाही कुठेही जाता येते. परंतु जाणार कुठे? मुलगी आणि जावई सकाळी आठला घर सोडत. नातू शाळेतून आला की कानांत त्या दोऱ्या अडकवून खोलीत जाई. लहानपणी तो बोलघेवडा होता. त्याच्या आजीने दोन वेळा सहा-सहा महिने येऊन त्याला सांभाळले होते. त्यालाही जे थोडेफार मराठी येते ते तिचेच देणे. मात्र मार्चपासून त्याचे बोलणे जणू आटले होते. परीक्षा होत्या म्हणून त्याला अंत्यविधीला आणता आले नव्हते. आम्ही दोघे एकाच जेवणाच्या टेबलाशी बसत असू आणि आमच्यामध्ये एक रिकामी खुर्ची असे. त्या खुर्चीविषयी कोणीच काही बोलत नसे.

सप्टेंबरच्या एका शनिवारी तो पिशवी घेऊन बाहेर निघाला. मुलगी म्हणाली, “आजोबांना ने की रे बरोबर.” त्याने माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, “चालेल. पण तिथे खूप चालायचं असतं.” आयुष्यभर वाडीत केळी शिंपलेल्या माणसाला चालण्याची भीती कोणी घालावी! मी निघालो.

त्या जंगलाचे वर्णन केल्याशिवाय या खेळाची गोडी कळणार नाही. उंच सरळसोट लॉबलॉली पाइन, त्यांच्या तीन-तीनच्या जुडग्यांनी गळणाऱ्या लांब सुया, त्यांखाली ओक, हिकरी, बीच आणि ताऱ्याच्या आकाराची पाने असलेले स्वीटगम. पायांखाली आपल्या कोकणासारखी तांबडी माती. पाइनच्या सुयांवरून चालताना मला भुईगावच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन आठवले. तिथेही पाऊल असेच मऊ पडते आणि वारा असाच घोंघावतो. मधूनच एखादा लालभडक पक्षी फांदीवर चमकून जाई. त्याचे नाव कार्डिनल. ख्रिस्तसभेतील कार्डिनलांच्या तांबड्या झग्यावरून त्याला हे नाव मिळाले. १९४३ पासून तो या राज्याचा राज्यपक्षी आहे. नातवाने मला दोन गोष्टींपासून जपायला सांगितले. एक, पाचोळ्याच्या रंगात मिसळून पडून राहणारा कॉपरहेड हा विषारी साप आणि दुसरी, तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल. तिचा स्पर्श झाला की आठवडाभर अंग खाजते. आपली खाजकुयली बरी म्हणायची!

आणखी एक गोष्ट मला मुलीने सांगितली. पिडमाँट नावाच्या या भूभागातील पुष्कळशी जंगले पुरातन नाहीत. तिथे एकेकाळी कापसाची आणि तंबाखूची शेते होती. माती झिजली, भाव पडले, शेतकरी जमीन टाकून शहरांकडे गेले. पडीक शेतात आधी गवत उगवले, मग उन्हाची आवड असलेले पाइन आले आणि त्यांच्या सावलीत हळूहळू ओक-हिकरी वाढू लागले. काही ठिकाणी झाडांखाली अजूनही नांगराच्या जुन्या सऱ्या उमटलेल्या दिसतात म्हणे. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. वसईत मी नेमके उलटे पाहिले आहे. जिथे केळी आणि पानवेली होत्या तिथे चार-चार मजले उभे राहिले, बावखले मातीने बुजली. शेताचे पुन्हा रान झालेले मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

या झाडांतूनच खेळाची वाट काढलेली असते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद की दोन खोडांमधून तबकडी नेणे म्हणजे सुईत दोरा ओवणे. उघड्या माळावर ज्याच्या दंडात बळ आहे तो जिंकतो. रानात मात्र ज्याला संयम आहे तो जिंकतो. माझी पहिली तबकडी दहा पावलांवरच्या पाइनवर आदळून माझ्याच पायाशी परत आली. नातवाच्या चेहऱ्यावर महिन्याभरात प्रथमच हसू दिसले. मग तो शिकवू लागला. “हात नाही आजोबा, मनगट. ती फिरली पाहिजे.”

त्याने मला तबकडीचा स्वभाव समजावून दिला. नुसती जोराने फेकलेली तबकडी लगेच कोलमडते. गरगर फिरत गेलेली मात्र भोवऱ्यासारखी आपला तोल सांभाळते. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर झटका देऊन फेकलेली तबकडी वेग कमी होऊ लागला की शेवटी डावीकडे झुकते. हा तिचा दोष नव्हे, तो तिचा धर्म आहे. म्हणून टोपली समोर असली तरी तबकडी थोडी उजवीकडे फेकायची आणि बाकीचे तिच्यावर सोपवायचे. लांब पल्ल्यासाठी धारदार कडेची ‘ड्रायव्हर’, मधल्या अंतरासाठी ‘मिडरेंज’ आणि टोपलीजवळ आल्यावर बोथट कडेची संथ ‘पटर’. वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. माझ्या हाती त्याने एक जुनी पिवळी पटर दिली. म्हणाला, “ही घ्या. ही सरळ जाते.”

त्या दिवसापासून शनिवार-रविवार आमचा नेम ठरला. अठरा टोपल्यांना दोन तास लागत. पहिल्या डावाला माझ्या ९७ फेकी झाल्या. ऑक्टोबरच्या मध्याला मी ७८ वर आलो. चांगला खेळाडू हाच डाव ५४ च्या आत पुरा करतो, परंतु मला कोणाशी स्पर्धा होती? मला आवडले ते या खेळाचे नियम. इथे पंच नसतो. आपल्या फेकी आपणच मोजायच्या आणि खऱ्या सांगायच्या. सोबत्याने आकडा विचारला की जंगलात आपण आणि आपली सदसद्विवेकबुद्धी एवढीच साक्ष असते. टोपलीपासून जो सर्वांत दूर असेल, त्याची पाळी आधी. मागे राहिलेल्याला मागे टाकून पुढे जायचे नाही, सर्वांनी थांबायचे. आणि तबकडी काट्यांत पडो, खोडामागे पडो की उतारावर पडो, जिथे पडली तिथूनच पुढची फेक करायची.

हरवलेल्या तबकडीचाही नियम आहे. तिचा शोध तीन मिनिटे घ्यायचा. सोबत्यांनीही शोधात मदत करायची. तीन मिनिटांत सापडली नाही तर ती गेली असे समजायचे, एक फेक दंड म्हणून मोजायची, आधीच्या जागी परत जायचे आणि दुसरी तबकडी काढून पुढे खेळायचे. पानगळीच्या दिवसांत पिवळी तबकडी शोधणे सोपे नसते. आम्ही दोघे काठीने पाचोळा उकरत फिरत असू आणि नातू घड्याळ पाहून म्हणे, “टाइम.” मला वाटे, दुःखालाही कोणी असे घड्याळ लावून दिले असते तर!

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका उतारावर माझी फेक पहिल्यांदा दोन ओकांच्या मधून सरळ गेली. मी विजयी मुद्रेने नातवाकडे पाहिले. तो तबकडीकडेच पाहत होता. हलकेच म्हणाला, “आजी बेटर होती.”

मला प्रथम अर्थच लागला नाही. मग तो सांगू लागला, अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. २०१४ साली, तो बारा वर्षांचा असताना, आजी त्याच्याबरोबर इथे यायची. ती एखाद्या पडलेल्या ओंडक्यावर बसून रोझरी म्हणायची आणि तो खेळायचा. एकदा त्याने तिलाही तबकडी दिली. लुगड्याचा पदर खोचून तिने ती फेकली आणि ती थेट साखळ्यांच्या खांबापर्यंत गेली. “हाऊ, आजी?” असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली होती, “अरे, हे तर पाखडण्यासारखेच आहे.” जन्मभर सुपात तांदूळ पाखडून तिच्या मनगटात जो झटका आला होता, तो अमेरिकेच्या जंगलात कामी आला! माझ्या हातातली पिवळी पटर तीच होती. तिने फेकलेली.

त्रेचाळीस वर्षे जिच्याशी संसार केला, तिच्या आयुष्यातील ही एक दुपार मला ठाऊक नव्हती. घरी आल्यावर ती कधी बोलली नाही. कदाचित सांगण्यासारखे काही घडले असे तिला वाटलेच नसेल. आम्ही दोघे एका ओंडक्यावर बसलो. तो तोच होता की दुसरा, हे मी विचारले नाही. मार्चपासून त्या मुलाच्या मनात साचलेले पाणी त्या दिवशी वाट मिळून वाहू लागले. “मला यायचं होतं,” तो म्हणाला. “तिला बाय म्हणायला.” मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. अशा वेळी शब्द कामाचे नसतात, हे शाळेत तीस वर्षे मुले सांभाळून मी शिकलो होतो.

मग त्याने मला एड हेडरिक यांच्या शेवटाची गोष्ट सांगितली. २००२ साली ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या घडवण्यात आल्या. “म्हणजे ते अजून खेळतायत,” नातू म्हणाला. मी त्याला आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण सांगितली: दहनाची मुभा असली तरी रक्षा विखुरू नये, तिच्या वस्तू घडवू नयेत, मृतांना पवित्र भूमीत विसावा द्यावा, असे २०१६ साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केले आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण आजोबा, आजीची कबर तिकडे आहे. मी इकडे आहे. मी कुठे जाऊ?”

धर्मशिक्षणाच्या वर्गात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “तू इथे येतोस ना, तसाच येत जा. कबरीपाशी मी जातो. दोघांनी मिळून तिची आठवण राखू.” हे उत्तर शास्त्राला धरून आहे की नाही हे धर्मगुरूंनी सांगावे, त्या क्षणी मला तेवढेच सुचले. परंतु बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले की या वाक्यात मी माझा निर्णयही सांगून टाकला आहे.

कारण घरी तोच विषय चालू होता. मुलीने कागदपत्रांची चौकशी केली होती. खोली रंगवायला घेतली होती. “तिथे आता कोण आहे पप्पा?” असे ती विचारी आणि या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. तिथे वाडी होती, विहीर होती, सकाळच्या मिस्सेला भेटणारे सात-आठ समवयस्क होते आणि पॅरिशच्या दफनभूमीत पश्चिमेच्या भिंतीलगत एक ताजी कबर होती. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सारे गाव तिथे फुले आणि मेणबत्त्या घेऊन जमते. तिचा तो पहिलाच स्मरणदिन. त्या दिवशी तिच्या कबरीवर मेणबत्ती शेजाऱ्यांनी लावावी, हे माझ्या मनाला मानवेना. आणि इथे? इथे माझ्या रक्ताची माणसे होती, त्यांची माया होती. एका पारड्यात मेलेले आणि दुसऱ्यात जिवंत, असा हा तराजू. लोक सांगतील की जिवंतांकडे पाहावे. परंतु माणूस आपल्या मातीला एका कबरीपुरताच बांधलेला नसतो.

त्या रात्री मी मुलीला सांगितले. ती रडली. म्हणाली, “मम्मी गेली आणि आता तुम्ही पण.” मी म्हणालो, “मी जात नाही ग, मी परत येण्यासाठी जातो. माझी फेक तिथे पडली आहे. मला तिथूनच खेळले पाहिजे.” तिला हे वाक्य कळले नाही, दाराआड उभ्या असलेल्या नातवाला मात्र कळले असावे, कारण त्याने काही न बोलता माझी बॅग माळ्यावरून खाली काढून दिली.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचा डाव खेळलो. हिकरी पिवळीधमक झाली होती. खेळताना माझे लक्ष खोडांकडे जात होते. तबकड्यांच्या आघातांनी काही झाडांची साल छातीच्या उंचीवर सोलवटली आहे. नातू म्हणाला, “म्हणून अधूनमधून टोपल्यांच्या जागा बदलतात, झाडांना रेस्ट मिळते.” डाव संपल्यावर त्याने पिशवीतून जाड शाईचे पेन काढले. या खेळात तबकडीच्या पाठीवर आपले नाव आणि फोन नंबर लिहायची रीत आहे. सापडणारा माणूस फोन करून ती परत देतो. त्याने पिवळ्या पटरवर माझे नाव लिहिले आणि खाली नंबर लिहिला तो वसईचा. मी म्हटले, “अरे, ही इथेच राहू दे, आजीची आठवण आहे तुझ्याकडे. तुझा नंबर लिही.” तो म्हणाला, “तबकडी तुमची आहे. मी फक्त ठेवतो.”

दोन नोव्हेंबरला मी कबरीपाशी होतो. झेंडूच्या माळा, मेणबत्त्यांच्या रांगा, धर्मगुरूंचे पवित्र पाण्याचे शिंपण, सारे दरवर्षीसारखे. तिला मी मनातल्या मनात म्हणालो, तुझी ती दुपार मला समजली बरे का!

पुढच्या फेब्रुवारीत एका पहाटे माझ्या मोबाइलवर अनोळखी अमेरिकन नंबरावरून एक छायाचित्र आले. ओढ्याकाठच्या ओल्या पाचोळ्यावर पिवळी तबकडी आणि तिच्यावर नातवाच्या अक्षरातले माझे नाव. खाली कोणा विद्यार्थ्याचा इंग्रजीत निरोप होता: तुमची डिस्क मला सापडली आहे, नंबरावरून तुम्ही फार दूर राहता असे दिसते, ती कुठे पोहोचवू?

मी पलंगावर उठून बसलो. बाहेर पहिल्या मिस्सेची घंटा होत होती. नातू फोनवर आजही चार शब्दांपलीकडे बोलत नाही. ‘ठीक आहे’ आणि ‘हो आजोबा’ यांत आमचे संभाषण आटोपते. परंतु त्या ओल्या पाचोळ्यातल्या तबकडीने मला सारे सांगितले. भर हिवाळ्यात तो त्या रानात जात होता. आजीची तबकडी फेकत होता. ती हरवल्यावर त्याने तीन मिनिटांहून खूप अधिक वेळ शोधले असणार, याविषयी मला शंका नाही.

मी त्या भल्या मुलाचे आभार मानले आणि नातवाचा नंबर कळवला. लिहिले, “तो जवळच राहतो. त्याच्याच हाती द्या.” संध्याकाळी नातवाचा निरोप आला. त्यात एकच शब्द होता, तोही देवनागरीत, बहुधा आईला विचारून लिहिलेला: ‘सापडली.’